पोराला ड्रायव्हिंग स्कूलला घालण्यापूर्वी



बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग बघतो, लॉट नंबर बघतो, पक्की पावती मागतो. बैल घ्यायचा तर दात मोजतो, गाडीला जुंपून दोन फेऱ्या मारून बघतो. ट्रॅक्टर घ्यायचा म्हटले की चार गावांत फिरून चार जणांना विचारतो. आणि त्याच ट्रॅक्टरवर ज्याला बसवायचे त्या पोराला ड्रायव्हिंग स्कूलला घालायची वेळ आली, की एस.टी. स्टँडसमोर जो पहिला बोर्ड दिसेल तिथे पैसे भरून मोकळे होतो. ‘‘लायसन्ससकट किती?’’ एवढाच एक प्रश्न. पुढचा प्रश्न, ‘‘किती दिवसांत?’’ शिकवणार कोण, कशावर, किती तास, हे कोणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, हा पिकांचा माणूस गाड्यांच्या भानगडीत कशाला पडतो? गावोगाव फिरताना ट्रॅक्टर आणि पिकअपचा विषय निघाल्याशिवाय बैठक उठत नाही, हे एक कारण. आणि दुसरे असे की, पिकावर अळी पडली तर एका हंगामाचे नुकसान होते. चढावर ट्रॉली उलटली तर घरातला कर्ता मुलगा जातो किंवा दुसऱ्याचा जीव घेऊन बसतो आणि पुढची दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात जातात. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

स्कूल परवान्याचे आहे का?

ड्रायव्हिंग स्कूल काढणे म्हणजे जुनी गाडी घेऊन तिच्यावर ‘एल’ रंगवणे नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालचे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्या नियमांत स्कूलला काय काय असावे लागते ते बारकाईने दिले आहे. परवाना आरटीओकडून मिळतो, नमुना ११ मध्ये, आणि त्याची मुदत पाच वर्षांची असते. हा मूळ परवाना आल्यागेल्याला दिसेल असा भिंतीवर लावायचा असतो. शिकवणाऱ्यांची नावेही तशीच लावायची असतात. तेव्हा पहिल्यांदा आत गेलात की खुर्चीवर बसण्याआधी भिंत वाचा. मुदत संपलेली तर नाही ना, पत्ता याच जागेचा आहे ना, आणि नाव लावलेला माणूसच सकाळी मुलाशेजारी बसतो की मालकाचा भाचा, हे तिथेच कळते.

शिकवणाऱ्याला निदान दहावी पास असावे लागते, गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि मोटार मेकॅनिकच्या कोर्सचे प्रमाणपत्र किंवा त्याहून वरचे यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण लागते. ‘‘मास्तर, तुमचा मेकॅनिकचा कोर्स कुठला?’’ असे सरळ विचारावे. चांगला मास्तर रागावत नाही, उलट खूष होऊन सांगतो.

स्कूलमध्ये फळा हवा, वाहतुकीच्या चिन्हांचे तक्ते हवेत, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेकचा ड्रम आणि शू उघडून दाखवता येतील असे हवेत. पंक्चर काढायचे सामान, जॅक, हवेचा गेज, पान्यांचा संच, प्रथमोपचाराची पेटी हे सगळे नियमात लिहिलेले आहे. पुष्कळ ठिकाणी हे सामान असते, पण त्यावर इतकी धूळ असते की मागची तपासणी कधी झाली ते बोटाने रेघ मारून सांगता येईल. सामान आहे का एवढेच बघू नका, त्याला रोज हात लागतो का ते बघा. ऑइलने काळा झालेला पान्यांचा संच दिसला तर मी तरी ती चांगली खूण समजतो.

गाडी मात्र स्वतः खाली वाकून बघा. दुचाकी सोडून शिकवणीच्या प्रत्येक गाडीला दुहेरी पायपट्ट्या असल्याच पाहिजेत, म्हणजे शेजारी बसलेल्या मास्तरालाही गाडी थांबवता आली पाहिजे. गाडीच्या पुढे-मागे स्कूलचे नाव, पूर्ण पत्ता ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. हल्ली तालुक्याच्या गाड्या गावात येऊन शिकवतात, सोयीचे पडते म्हणून आपणही खूष होतो. त्या गाडीवरचे नाव-पत्ता आणि पावतीवरचे नाव-पत्ता एकच आहे का, एवढे पाहून घ्या. काही झालेच तर तुमच्या हातात तेवढाच कागद असणार आहे.

तासांचा हिशेब

हा भाग जरा नीट वाचा, कारण फसगत इथेच होते.

खासगी मोटारीसाठी नियमाप्रमाणे शिकवणीचे किमान २१ दिवस हवेत आणि त्यात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातात स्टिअरिंग असलेले किमान १० तास हवेत. ट्रक, बस अशा वाहतुकीच्या गाड्यांना किमान ३० दिवस आणि १५ तास. आता गणित करा. २१ दिवस रोज अर्धा तास धरला तर साडेदहा तास होतात, म्हणजे जेमतेम नियम पुरा होतो. पण होते काय? सकाळी सातच्या बॅचला एका गाडीत चार पोरे कोंबतात. एक तास गाडी फिरते. प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे. २१ दिवसांचे झाले सव्वापाच तास. त्यात रविवार गेले, गाडी गॅरेजला गेली ते दोन दिवस गेले. मुलगा चार तास गाडी चालवून घरी येतो आणि आपण म्हणतो कोर्स झाला.

दुसरी पद्धत किलोमीटरची. ‘‘रोज पाच किलोमीटर देतो’’ असे सांगतात. गावाबाहेरच्या रस्त्यावर शिकाऊ मुलगा ताशी वीस-पंचवीसने चालवतो. पाच किलोमीटरला बारा ते पंधरा मिनिटे लागली. म्हणजे पुन्हा तेच सव्वापाच तास, फक्त वेगळ्या मापाने मोजलेले! दूध लिटरने घ्या नाहीतर किलोने, पाणी तेवढेच.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने कोणत्या दिवशी किती वेळ गाडी चालवली याची नोंद स्कूलने नमुना १५ मध्ये ठेवायची असते. विद्यार्थ्यांचे रजिस्टर नमुना १४ मध्ये असते. पैसे भरण्याआधी म्हणावे, ‘‘पोराची पंधरा नंबरची नोंद दर आठवड्याला बघायला येईन.’’ जो मालक ‘‘या की’’ म्हणतो त्याच्याकडे निम्मे काम झाले. जो ‘‘ते सगळं आरटीओचं असतंय, तुम्ही कशाला डोकं लावता’’ म्हणतो, तिथून चहा न पिता उठावे. शिवाय मुलाला एक वही द्या. तारीख, किती वाजता बसला, किती वाजता उतरला, काय शिकला, एवढेच लिहायचे. डेअरीच्या दुधाचा हिशेब आपण ठेवतो, हाही ठेवावा.

दुहेरी पायपट्ट्यांचा एक तोटाही सांगून ठेवतो. काही मास्तर सवयीने क्लच आणि ब्रेक स्वतःच दाबत बसतात. पोरगा नुसते स्टिअरिंग धरतो आणि त्याला वाटते मीच चालवतोय. शेवटच्या चार-पाच दिवसांत मास्तरने पाय मागे घेऊन बसायला हवे. तसे बसतात का, हे मागच्या बॅचच्या मुलांना विचारा. स्कूलची खरी माहिती त्याच पोरांकडे असते, बोर्डावर नसते.

‘लायसन्ससकट’ म्हणजे काय?

शिकाऊ लायसन्स, पक्के लायसन्स यांची सरकारी फी ठरलेली असते आणि ती परिवहनच्या सारथी पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. तिची पावती निघते. तेव्हा स्कूलला दोन आकडे वेगवेगळे मागा : सरकारी फी किती आणि शिकवणीचे किती. दोन्हीच्या पावत्या घ्या. सगळे एका आकड्यात गुंडाळून सांगणारा बहुतेक वेळा लायसन्स विकत असतो, शिकवणी नव्हे.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा २०२१ पासून आपल्या राज्यात घरबसल्या आधारवरून देता येते. सोय चांगली आहे. पण पोरगा शेतात आणि उत्तरे देतोय नेट कॅफेवाला, असे प्रकार चालतात. पास व्हायला ६० टक्के उत्तरे बरोबर लागतात, म्हणजे अवघड काही नाही. दहावी शिकलेल्या पोराने आठ दिवस चिन्हांचे पुस्तक चाळले तरी जमते. ते चाळण्याचा कंटाळा असेल तर त्याने रस्त्यावर यावेच कशाला?

त्याहून वाईट प्रकार पाच नंबरच्या फॉर्मचा. ट्रक-टेम्पोसारख्या वाहतुकीच्या गाडीचे लायसन्स काढताना स्कूलने दिलेले नमुना ५ चे प्रशिक्षण प्रमाणपत्र जोडावे लागते. काही ठिकाणी ते पैसे टाकले की मिळते, गाडीला हातही लावावा लागत नाही. कागदावर १५ तास, प्रत्यक्षात शून्य. असे प्रमाणपत्र घेणारा पोरगा दहा टन माल घेऊन घाटात उतरतो तेव्हा त्या कागदाचा त्याला काही उपयोग होत नाही.

मोटारीवर शिकला, ट्रॅक्टरवर बसला

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपला पोरगा शिकतो कशावर? छोट्या मोटारीवर. चालवतो काय? ट्रॅक्टर, मागे उसाने भरलेली ट्रॉली, कधी दोन ट्रॉल्या.

कायद्याने यात चूक काही नाही. हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत ७५०० किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर येतो, आणि आपले शेतीचे ट्रॅक्टर त्याच्या निम्म्याच्याही आत असतात. पिकअप, छोटा हत्ती यांबद्दल पूर्वी घोळ होता. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालवाहू गाडी चालते की नाही, यावरून विमा कंपन्या दावे अडवायच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की, एकूण वजन ७५०० किलोच्या आत असलेली वाहतुकीची गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, वेगळा शेरा लागत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलेच झाले.

पण लायसन्स चालते म्हणून अंगात कला येत नाही. आठचा आकडा काढून मोटारीवर पास झालेल्या मुलाला ट्रॅक्टरच्या दोन ब्रेकची गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते. ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक वेगळा असतो. शेतात तासाच्या टोकाला चटकन वळता यावे म्हणून ती सोय आहे. रस्त्यावर यायच्या आधी दोन्ही पायपट्ट्या जोडणारी खिट्टी लावलीच पाहिजे. ती विसरली, वेगात एकाच पट्टीवर पाय पडला, तर ट्रॅक्टर एका अंगाला फेकला जातो. खिट्टी गंजून तुटलेली आणि तिच्या जागी काहीच नाही, असे ट्रॅक्टर तुमच्याच गावात चार सापडतील.

दुसरी गोष्ट उताराची. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते. डिझेल वाचवायला गडी न्यूट्रल करतो, किंवा घाबरून क्लच दाबतो. दोन्हींत इंजिनचा लगाम सुटतो आणि सगळा भार नुसत्या ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये तो माल चढवला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरवावा आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकावा, मधे नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हेही पोराला पाठ असावे.

तिसरी, ओढण्याची. साखळी किंवा दोर नेहमी खालच्या हुकाला लावायचा. टॉप लिंकच्या जागी, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या वर बांधून जोर लावला की पुढची चाके उचलतात आणि दीड-दोन सेकंदांत ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा येतो. उडी मारायला वेळ मिळत नाही. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापुढे लाकूड बांधून बाहेर काढायची पद्धत आहे, तीही अशीच घातक. चाक अडकले की इंजिनचा सगळा जोर ट्रॅक्टरचे धूडच वर उचलतो. दुसरा ट्रॅक्टर बोलवावा, किंवा शक्य असेल तर मागे घेऊन निघावे.

चौथी, ट्रॉली मागे घेणे. दोन चाकी ट्रॉली मोटारीच्या उलट वळते. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरा आणि ट्रॉलीची शेपूट ज्या अंगाला न्यायची त्या अंगाला हात सरकवा, ही सोपी खूण आहे. चार चाकी, पुढचे चाक फिरणाऱ्या ट्रॉलीचा हिशेब याहून निराळा, ती मागे घ्यायला जुन्या ड्रायव्हरचाही घाम निघतो. हे एका दिवसात येत नाही.

यातले काही तुमचे स्कूल शिकवते का, हे विचारा. बहुतेक ठिकाणी ‘नाही’ म्हणतील, कारण त्यांच्याकडे ट्रॅक्टरच नसतो. तरी जो मास्तर निदान फळ्यावर काढून एवढ्या चार गोष्टी समजावून देतो, तो इतरांपेक्षा वरचा समजायला हरकत नाही.

परवा एका शिवारात पोरे मोबाईलवर मोटारींच्या रॅलीच्या शर्यती बघत बसली होती. मातीत, खडीत गाड्या कशा वळतात ते बघून एकाने विचारले, ‘‘साहेब, याची पण शाळा असते का?’’ असते. आणि तिथेही पहिले काही दिवस वेग शिकवत नाहीत. लांब नजर ठेवणे आणि वळणाआधी वेग उतरवणे, वळणात नाही, हेच घोटून घेतात. आपल्या मुरमाच्या आणि चिखलाच्या रस्त्याला तेवढा धडा लागू पडतो. बाकीचा बघण्यापुरता ठीक आहे.

मग ट्रॅक्टर शिकायचा कुठे?

इथे कायद्याची एक अडचण लक्षात घ्या. शिकाऊ लायसन्सवर रस्त्यावर गाडी चालवताना पुढे-मागे ‘एल’ पाहिजे आणि शेजारी लायसन्सवाला माणूस असा बसलेला पाहिजे, की त्याला गाडी थांबवता येईल. ट्रॅक्टरला सीट एकच. मडगार्डवर बसलेला काका ब्रेक कुठून दाबणार? उलट पहिल्या खड्ड्याला तोच मागच्या चाकाखाली जायचा. म्हणून शिकाऊ पोराने ट्रॅक्टर आपल्या मोकळ्या रानात शिकावा, आधी नुसता ट्रॅक्टर, मग रिकामी ट्रॉली, मग अर्धी भरलेली. पक्के लायसन्स झाल्यावरच डांबरीवर यावे. शिकवणारा खाली उभा राहून शिकवील, मडगार्डवर बसून नाही.

पद्धतशीर शिकायचेच असेल तर केंद्र सरकारच्या शेती यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहेत. सर्वांत जुनी मध्य प्रदेशात बुदनी येथे, नर्मदेच्या काठी, १९५५ पासून. विदर्भ-खानदेशला ती जवळ. दक्षिणेची संस्था आंध्रात अनंतपूरजवळ गार्लदिन्ने येथे आहे. ट्रॅक्टर चालवणे, देखभाल, अवजारे जोडणे यांचे अभ्यासक्रम तिथे चालतात. ज्याला भाड्याने ट्रॅक्टर चालवण्याचा किंवा अवजार बँकेचा धंदा करायचा आहे, त्याने एकदा जाऊन यावेच. ट्रक-बसचा पेशा धरायचा असेल तर पुण्याजवळ भोसरीची सीआयआरटी ही संस्था नावाजलेली आहे.

जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचा नवा नियमही आला आहे. तिथे हलक्या वाहनाला २९ तासांचा आणि जड वाहनाला ३८ तासांचा कोर्स आहे, स्वतःची धावपट्टी आणि सिम्युलेटर लागतो, आणि तिथे पास झालेल्याला आरटीओची वाहन चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. ही सवलत साध्या स्कूलला नाही. साधे स्कूल तसे सांगत असेल तर खोटे सांगते आहे.

मुलीही हल्ली मोटार शिकायला येतात, ही चांगली गोष्ट आहे. त्यांच्या बॅचची वेळ, गाडीत सोबत कोण असते, हे घरच्यांनी आधीच विचारून ठरवावे. अडचणीच्या वेळी रात्री दवाखान्यात गाडी नेणारी घरात एक असली तर काय बिघडले?

बापाने काय ध्यानात ठेवावे

गावात आठवी-नववीचे पोरगे ट्रॅक्टरवर दिसले की कौतुकाने म्हणतात, ‘‘तयार आहे गडी.’’ कायदा २०१९ साली बदलला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ज्या वयात त्याने चार पैसे मिळवायचे, त्या वयात तो मागच्या सीटवर बसेल.

पोरगा सज्ञान असेल पण लायसन्स नसेल, तर चालवणाऱ्याला ५ हजार दंड आहेच. ज्याने चालवायला दिली त्या मालकालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार दंड किंवा दोन्ही. हे झाले पोलिसांचे. विम्याचे याहून जड आहे. लायसन्स नसलेल्या ड्रायव्हरकडून अपघात झाला, तर पुष्कळ प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला सांगते, जखमीला आधी पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. ती वसुली मालकाच्या मालमत्तेवर येते, आणि आपली मालमत्ता म्हणजे सातबारा. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरपेक्षा वेगळा असतो, हेही पुष्कळांना अपघातानंतरच कळते. शेतीचा म्हणून विमा काढलेल्या ट्रॅक्टरवर भाड्याने वाळू-विटा ओढल्या किंवा वऱ्हाड नेले, की दावा अडवायला कंपनीला कारण मिळाले.

सरपंच, पोलीस पाटील आणि सोसायटीच्या मंडळींना एक सुचवावेसे वाटते. गावात वर्षाला दहा-पंधरा पोरे तरी लायसन्स काढतात. ती एकेकटी गेली की स्कूलवाला सांगेल तो भाव आणि देईल तेवढे तास. ग्रामपंचायतीने दहा नावे एकत्र केली, परवान्याची प्रत आणि मास्तरांची नावे मागून घेतली, एका गाडीत एका वेळी दोनच मुले आणि प्रत्येकाला रोज अर्धा तास असे लेखी ठरवले, तर स्कूलवाला नाही म्हणणार नाही. ट्रॅक्टरसाठी गावातलाच एखादा पोक्त ड्रायव्हर धरावा, आठवडी बाजाराचा तळ बाजाराचा दिवस सोडून रिकामाच असतो. दोन पिंपे उभी केली की ट्रॉली मागे घ्यायचा सराव होतो. आरटीओचा तालुक्याचा कॅम्प कधी असतो ते फलकावर लिहिले तर पोरांचे जिल्ह्याला हेलपाटे वाचतील.

वेळेचेही बघा. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते आणि शिकाऊची मुदत सहा महिने असते. ऊस कारखान्याकडे वळू लागला की ना पोराला सवड असते, ना ट्रॅक्टरला. खरिपाची पेरणी उरकली, पहिली कोळपणी झाली, की जुलै-ऑगस्टात शिकाऊ लायसन्स काढून स्कूलला नाव घालावे. २१ दिवस पुरे करून सप्टेंबरात चाचणी, आणि घट बसेपर्यंत रानात रिकाम्या ट्रॉलीवर सराव. आता नाव घालायला निघालाच असाल, तर सकाळी सातच्या सुमारास जा, स्कूलच्या गाडीत किती पोरे बसतात ते आधी बाहेर उभे राहून मोजा आणि मग आत जाऊन फी विचारा.